बरगडीआडची जागा

बकरं सोलून झालं, छाती उघडली, की राजमहंमद मुलाणी सुरी खाली ठेवायचा. उजवा हात पाण्यात बुडवायचा. मग तो हात फुप्फुस आणि बरगड्या यांच्या मधून हळूच फिरवायचा. वरून खाली, तिथून मागं पाठीच्या कण्यापर्यंत. हात कुठं अडला नाही तर म्हणायचा, "मोकळं हाय." अडला, तर ते फुप्फुस कालवणात पडायचं नाही. बाकी मटण चालायचं. फुप्फुस तेवढं गावाबाहेर नेऊन पुरायचं.

टाकवे बुद्रुकात हे त्याच्या बापापासून चालत आलेलं. लग्न असो, जत्रा असो, बकरं कुणाच्याही दावणीचं असो, मानेवर सुरी मुलाण्याची. मराठ्यांच्या घरांतून दुसऱ्या कुणी कापलेलं खात नसत. बापानं त्याचा हात हातात धरून बकऱ्याच्या छातीत घातला होता.

"हितं दोन पापुद्रं असत्यात," बाप म्हणाला होता. "एक बरगडीला, एक फेपसाला. दोनीच्या मधी वल असती. वल हाय तवर दोनी एकमेकांवर सरकत्यात. वल गेली की चिकटत्यात. चिकटलेलं खाऊ नको, कुनाला घालू नको."

राजमहंमदचा हात ती ओल ओळखत होता. सोललेल्या अंड्यावरून बोट फिरावं तशी. त्या जागेला नाव काय, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. बकऱ्यात ती जागा असते, एवढं पुरेसं होतं.

माणसातही ती असते, हे त्याला खंडाळ्यात कळलं. तेव्हा समोरच्या बाकावर त्याची बायको बसली होती.

जाहिदा कामशेतची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हसण्याचा आवाज आंद्रा नदीच्या घाटापर्यंत जायचा, असं शेजारची झुंबरबाई सांगते. घरात दोघंच. मूल झालं नाही. राजमहंमद कापायचा, जाहिदा मुलाण्याचा वाटा धुवायची, आतडी उलटी करायची, फुप्फुसात फुंकर मारून ते फुगवून बघायची. ती फुंकर एका दमात मारायची. छत्तीस सालच्या दसऱ्याला तिनं फुंकर मारली आणि मधेच सोडून दिली. खोकला थांबेना. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला. मग गालांची हाडं वर आली.

झुंबरबाईचा नवरा भिमाजी हा गावातला जमीनवाला माणूस. सगळे त्याला आबा म्हणत. त्याचा भाऊ खंडाळा स्टेशनात रूळ बदलणारा सांधेवाला होता. त्यानं निरोप धाडला. दरीच्या कडेला एका बंगल्यात डॉक्टर खांबेटे म्हणून आहेत, छातीचेच रोगी बघतात, घेऊन या. आबांनी गाडी जुंपून दिली. कामशेतपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी.

बंगल्याच्या व्हरांड्यात खाटा होत्या. खाटांवर माणसं पडली होती. समोर दरीतून वारा येत होता आणि प्रत्येकाच्या उशाशी झाकणाचं भांडं होतं.

डॉक्टरांनी जाहिदाची छाती ठोकून पाहिली. नळी लावून ऐकली. पुण्याला पाठवून छातीच्या आतला एक्स-रे फोटो काढवला. तो आल्यावर पुन्हा बोलावलं. तो चैत्र होता.

"उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला खड्डा पडलाय," डॉक्टर म्हणाले. "डावं चांगलं आहे. हे नशीब समज."

"मंग औशिद?"

"औषध नाही. विश्रांती."

"पडूनच असती की ती, साहेब."

"ती पडून असते. तिचं फुप्फुस पडून नसतं. ते सारखं हलतंय. हलतंय म्हणून खड्डा मिटत नाही. हात मोडला तर आपण तो बांधून ठेवतो ना? तसं ते फुप्फुस ठेवायचं."

"फेपसं कसं बांधनार?"

डॉक्टरांनी टेबलावरून काचेच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर पाण्याचा थेंब टाकला, दुसरी वर ठेवली आणि राजमहंमदच्या हातात दिल्या. "सरकव." पट्ट्या सरकल्या. "आता ओढून वेगळ्या कर." झाल्या नाहीत.

"छातीत असे दोन पडदे असतात," डॉक्टर म्हणाले. "एक बरगड्यांना आतून लागलेला, एक फुप्फुसावर. मधे पाण्याचा नुसता पातळ थर. त्या पाण्यामुळं फुप्फुस छातीला धरून राहतं, छाती फुगली की तेही फुगतं. आम्ही काय करतो, एक सुई ह्या दोन पडद्यांच्या मधे नेतो आणि थोडी हवा सोडतो. पडदे दूर झाले की फुप्फुस आपोआप आक्रसतं. खड्ड्याचं तोंड मिटतं. दर पंधरवड्याला हवा भरत राहायची. दोनतीन वर्षं."

राजमहंमदच्या हातातल्या पट्ट्या तशाच राहिल्या. डॉक्टर जे सांगत होते ते त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं. सुरीचं टोक त्या पापुद्र्यातून गेलं की फस्स असा आवाज होतो. आणि छातीभर पसरलेलं फुप्फुस ओल्या फडक्यासारखं खाली बसतं. दोन्हीकडचं. एकदम.

"म्हंजी तुमी तिचं फेपसं खाली बसवनार."

"एकच. उजवं."

"एकच कसं बसंल? हवा गेली की दोनी बसत्यात."

"नाही. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या असतात. मधे भिंत आहे."

"न्हाई, साहेब."

डॉक्टरांनी मान वर केली. "काय नाही?"

"मी मुलानी हाय. उघडून बघतो. दोनी संगटच बसत्यात. आजवर एकदा बी एक ऱ्हायलेलं बघितलं न्हाई."

डॉक्टर हसले. त्यात वाईट काही नव्हतं. "अरे, माणूस म्हणजे बकरं नव्हे."

ते वाक्य राजमहंमदच्या मनातून गेलं नाही. डॉक्टर भला माणूस, पण त्यानं बकरं बघितलेलं नाही. बघितलं असतं तर असं बोलला नसता. आणि ज्यानं बघितलेलं नाही, त्याच्या हातात सुई द्यायची कशी?

"इचार करून सांगतो," तो म्हणाला.

"लवकर कर. अशा छातीत पडदे चिकटतात. एकदा चिकटले की सुई घालायला जागाच उरत नाही."

परतीच्या गाडीत जाहिदा खिडकीशी बसली होती. लोणावळा गेलं, मळवली गेलं. मग म्हणाली, "घालू द्या की सुई."

"गप."

"मला काय वाटत न्हाई."

"तुला वाटत न्हाई. मी बघितलंय."

तिनं तोंडाला पदर धरला आणि ती खोकली.

उन्हाळा गेला. राजमहंमदनं अडुळशाचा काढा दिला, शेळीचं दूध दिलं, वडगावच्या एका हकिमाची गोळी दिली. जाहिदा सगळं घेत होती. दुपारी ती पालथी निजायची तेव्हा तो तिच्या पाठीला कान लावायचा. डाव्या बाजूला श्वास ऐकू यायचा. उजवीकडं, वर, ओल्या दोरीला पीळ बसावा तसा काहीतरी आवाज. त्या बरगड्यांच्या आड ती जागा होती. तिथं ओल आहे की नाही, हे हात घालून बघता येत नव्हतं.

पाऊस सुरू झाला आणि झुंबरबाईची जीभही.

"मुलान्या, बकऱ्याला सुरी लावताना त्याला कधी इचारलं व्हतंस का रं? आन हितं सुईला भितोस!"

"मावशी, तुमाला कळायचं न्हाई त्यातलं."

"मला कळत न्हाई, डागदरला कळत न्हाई, तुला तेवढं कळतंय. बायकू कशी दिसती ती तरी कळतंय का?"

तो उठून गेला. जाहिदानं झुंबरबाईचा हात धरला. "जाऊ द्या, मावशी. त्यास्नी भ्या वाटतं."

"आन तुला?"

"मला त्यांचंच भ्या वाटतं. लय गप झाल्यात."

भादव्यात रक्त पडलं. थोडं होतं, तांब्याच्या तळाशी. राजमहंमदनं तांब्या स्वतः धुतला. रक्ताची त्याला सवय होती. पण हा तांब्या त्यानं तीनदा घासला.

खंडेनवमीला भिमाजी आबांच्या घरी बकरं होतं. दरवर्षी असायचं. राजमहंमदनं ते कापलं, जांभळीच्या फांदीला टांगलं, सोललं, पोट साफ केलं. आता छाती. त्यानं सुरी उचलली, नेहमीसारखी छातीच्या मधल्या हाडावर टेकवली, आणि तो थांबला.

मधल्या हाडावर.

त्याचा बाप मधल्या हाडातून उघडायचा. तोही तिथूनच. हाड दुभंगलं की छाती पुस्तकासारखी उघडते, हात घालायला सोपं पडतं. दुसरीकडून कुणी उघडत नाही.

"थांबलास का रं?" आबांनी ओट्यावरून विचारलं.

त्यानं सुरी बदलली, लहान घेतली. बकऱ्याच्या उजव्या बाजूला दोन बरगड्यांमधलं मांस तो खरवडू लागला. हळूहळू, बोटानं चाचपत. मांस निघालं आणि खाली पापुद्रा दिसू लागला. आरपार दिसण्याइतका पातळ. आणि पापुद्र्याला पलीकडून टेकलेलं गुलाबी फुप्फुस. मधे अंतर नव्हतंच. मग तो डावीकडं गेला. तिथंही तशीच एक खिडकी केली. तिथंही गुलाबी.

"राजमहंमदा, पाव्हनं बसल्यात," आबा म्हणाले. "कोरीव काम कशापायी करतोस?"

त्यानं उजव्या खिडकीला सुरीचं टोक लावलं.

फस्स.

गुलाबी रंग आत सरकला. खिडकीत अंधार झाला. राजमहंमद बकऱ्याच्या दुसऱ्या अंगाला गेला. त्यानं डोळा डाव्या खिडकीशी नेला.

फुप्फुस तिथंच होतं. पापुद्र्याला टेकून. गुलाबी.

तो थांबला. त्याला वाटलं, आता बसेल. आता. माशी येऊन पापुद्र्यावर बसली, तीही त्यानं हाकलली नाही. फुप्फुस हललं नाही. त्यानं वरून अंगठा दाबला. आतून मऊ, भरलेलं लागलं.

"खराब निघालं व्हय?" आबा उठून जवळ आले होते.

"न्हाई, आबा. चांगलं हाय." "दोनी येगळी हायती."

"काय येगळी?"

"पिशव्या. मदी भित्ताड हाय. मी नेहमी मदनंच उघडायचो, आबा. दोनी दारं संगट उघडायचो. मंग दोनी बसनारच की."

आबांना काही कळलं नाही. आतून झुंबरबाई ओरडली, "पाव्हनं उपाशी ठेवून ह्यो बकऱ्याशी काय बोलत बसलाय?"

राजमहंमद जांभळीखाली मटकन बसला होता. लाल हात गुडघ्यांवर. झुंबरबाई बाहेर आली, त्याला तसं पाहून तिनं तोंड मिटलं. मग म्हणाली, "गाडी जुंपायला सांगू का?"

"सांगा, मावशी."

खंडाळ्याला डॉक्टरांनी उशिराचा विषय काढला नाही. चैत्राचं, पावसाळ्याचं काहीच नाही. जाहिदाला तपासताना त्यांनी एकच विचारलं, "बाई, या बाजूला कधी दुखलं होतं? श्वास घेताना?"

"दोन वर्सांमागं," जाहिदा म्हणाली. "भाताच्या लावनीत. दम घेतला की सुरी लागल्यागत व्हायचं. ह्यांनी पटका आवळून बांधला. मंग थांबलं."

"एकदम थांबलं?"

"व्हय. बरं वाटलं."

डॉक्टरांनी शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरकडं पाहिलं. सिस्टरनं मान खाली घातली. राजमहंमदनं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही. दुखणं थांबलं तेव्हा त्यानं गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

"मी हितं उभा ऱ्हाऊ का, साहेब?"

"चक्कर येऊन पडशील."

"मला? रगत बघून?"

जाहिदा हसली. खोलीत त्या दिवशी तेवढंच हसू झालं.

तिला डाव्या कुशीवर निजवलं. उजवा हात डोक्यावरून घेतला. काखेखालची जागा सिस्टरनं आयोडीननं पिवळी केली. टेबलावर काचेच्या दोन बाटल्या, रबरी नळ्या, आणि एक वाकवलेली काचनळी होती. नळीत लाल केलेलं पाणी दोन्ही बाजूंना सारखं उभं होतं.

"हे बघ," डॉक्टर राजमहंमदला म्हणाले. "सुई त्या दोन पडद्यांच्या मधे पोचली, की हे पाणी तिच्या श्वासाबरोबर खालीवर होईल. झालं, तर हवा सोडायची. नाही झालं, तर नाही. माझ्या तोंडाकडं बघू नकोस. पाण्याकडं बघ."

मग आधी लहान सुईनं त्यांनी जागा बधिर केली. "बरगडीकडचा पडदा फार दुखतो," ते म्हणाले. "आतल्याला काही कळत नाही." जाहिदानं सिस्टरचं मनगट धरलं होतं.

मोठी सुई आत गेली. कातडी, मग मांस. डॉक्टरांचा हात थोडा थांबला, पुढं झाला, पुन्हा थांबला. राजमहंमदला ते थांबणं कळत होतं. पापुद्र्याशी आलं की हाताला असंच कळतं.

"बाई, श्वास घ्या."

जाहिदानं श्वास घेतला. बरगड्या वर आल्या. नळीतलं पाणी उभं होतं तसंच उभं राहिलं.

"आणखी."

पाणी हललं नाही.

डॉक्टरांनी सुई काढली. एक बरगडी खाली दुसरी जागा पाहिली. पुन्हा बधिर केली, पुन्हा सुई. "श्वास घ्या." पाणी थरथरलं. एका बाजूला जवाच्या दाण्याएवढं वर चढलं. राजमहंमदनं ओठ चावला. चल, तो मनात म्हणाला. चल. "पुन्हा घ्या." पाणी खाली आलं आणि तिथंच उभं राहिलं. डॉक्टरांनी सुई केसभर फिरवली. काही नाही.

"पुढं ढकलता यील न्हवं?" राजमहंमद न राहवून बोलला.

"पुढं फुप्फुस आहे," डॉक्टर म्हणाले. "सुई त्यात शिरून हवा रक्तात गेली तर बाई इथंच दगावेल."

तिसरी जागा पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता. जाहिदा आता न सांगताच खोल श्वास घेत होती. एकामागून एक, उरलं होतं तेवढं सगळं बळ लावून. प्रत्येक श्वासाला राजमहंमद पाण्याकडं बघत होता. पाणी म्हणजे जणू भिंतीवर काढलेली रेघ.

डॉक्टरांनी सुई ताटलीत ठेवली. ताटली वाजली.

"चिकटलंय," ते सिस्टरला हळू म्हणाले.

पण ऐकलं जाहिदानं. तिचं तोंड भिंतीकडं होतं. "चिकटलं व्हय," ती म्हणाली. तिला तो शब्द समजावून सांगावा लागला नाही.

व्हरांड्यात राजमहंमदनं विचारलं, "चैत्रातच घातली असती सुई, तर?"

डॉक्टर हात पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी दुखलं ते पडद्यांचं दुखणं होतं. सुजले की एकमेकांवर घासतात. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालंच असं नसतं. कधी मधे पाणी भरतं म्हणून थांबतं. कधी ते चिकटतात म्हणून थांबतं. तेव्हाच चिकटलं असेल. नाहीतर या पावसाळ्यात."

"यातलं कुठलं?"

"मला माहीत नाही, मुलाणी."

"तुमाला बी?"

"मलाही नाही. कुणालाच कळणार नाही."

मग ते म्हणाले की बरगड्या कापून छाती आत बसवण्याचं एक ऑपरेशन असतं, पण तेवढं सोसायचं बळ आता तिच्यात नाही. हे बोलताना त्यांनी राजमहंमदच्या तोंडाकडं पाहिलं.

कामशेतपासून बैलगाडीत जाहिदा आडवी होती. डोकं त्याच्या मांडीवर. भातं पिवळी व्हायला लागली होती.

"अवो," ती म्हणाली.

"बोल."

"आता मला बी गावाबाहेर न्हिऊन पुरनार का?"

त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं दुसरीकडं बघितलं. कबरस्तान गावाबाहेरच होतं. ती हसायला लागली, हसता हसता खोकली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "हसा की वं. मी येवढं बोलले."

तो हसला नाही. त्यानं तिच्या पाठीखाली हात घातला, उजव्या बाजूला, आणि गाव येईपर्यंत तो हात तिथंच ठेवला.

पौषात जाहिदा गेली.

माघात जत्रा आली. राजमहंमद येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. तो आला. सुरीला धार लावूनच आला. त्यानं बकरं सोललं आणि मधल्या हाडाला हात न लावता आधी उजवी बाजू उघडली. मग डावीकडं जाऊन बघत उभा राहिला. मगच बाकीचं. माणसं कुरकुरली, वेळ जातोय म्हणाली. भिमाजी आबांनी त्यांना गप केलं.

मग त्यानं हात पाण्यात बुडवला आणि आत घातला.

वरून खाली फिरवला. तिथून मागं. लोक त्या दोन शब्दांची वाट बघत होते, चुली पेटल्या होत्या. हात कण्यापर्यंत गेला. कुठं अडला नाही. आत सगळीकडं ओल होती.

"काय रं?" आबांनी हळूच विचारलं. "मोकळं हाय का?"

राजमहंमदनं होकारानं मान डोलावली. हात मात्र बाहेर काढला नाही. बऱ्याच वेळानं झुंबरबाईनं येऊन त्याच्या दंडाला धरलं, तेव्हा काढला.

अजूनही टाकव्यात बकरं तोच कापतो. आधी एक बाजू, मग दुसरी. हात आत असताना त्याच्याशी कुणी बोलत नाही.